नायिकेचे लग्न आणि सार्वजनिक वाचनालय

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने आपली पात्रे कोणाच्या पदरात टाकावी हा त्याचा खासगी प्रश्न आहे, असे ज्या कोणाचे प्रामाणिक मत असेल, त्याने एखाद्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात ‘लेखक-वाचक संवाद’ या नावाखाली जो प्रकार भरविण्यात येतो, त्याला एकवार अवश्य हजर राहावे. मुलीच्या लग्नात बोलण्याचा अधिकार आपल्याकडे जन्मदात्या बापाच्या खालोखाल आत्या, मावशी, दूरचा चुलता, शेजारचे वैद्य आणि रतिबाचा गवळी अशा उतरत्या क्रमाने सर्वांना असतो. नसतो तो फक्त त्या मुलीला. कादंबरीतील मुलीच्या बाबतीत हा अधिकार वाचनालयाच्या वर्गणीदारांकडे जातो, आणि ज्याची वर्गणी थकलेली असेल त्याच्याकडे तो दुपटीने जातो.

मी स्वतः कादंबरीकार नाही. परंतु कादंबरीकाराच्या शेजारी बसण्याचा मला दांडगा अनुभव आहे. प्रवासखर्च मागत नाही, हार घालून घेताना मान पुरेशी वाकवितो आणि मुख्य वक्त्यापेक्षा कमी बोलतो, एवढ्या भांडवलावर मला अशा सभांचे अध्यक्षपद वरचेवर लाभत असते. ज्या पुस्तकावर चर्चा व्हावयाची ते अध्यक्षाने वाचलेले असावे अशी घटनेत अट नसल्यामुळे या पदावर मन शांत राहते. शिवाय श्रोत्यांना लेखकाचा चेहरा दिसतो, अध्यक्षाला मात्र टेबलाखालचे त्याचे पाय दिसतात. आणि कलावंताच्या अंतःकरणात चाललेली खळबळ चेहऱ्यापेक्षा पायांवर फार लवकर उमटते, असे माझे दीर्घकालीन निरीक्षण आहे.

खरे पाहता तरुण-तरुणींच्या प्रेमाचा प्रसंग रंगविण्याची जबाबदारी मराठी कादंबरीकाराच्या शिरावर आली ही मुळात फार जुनी गोष्ट नव्हे. ‘मुक्तामाला’ 1861 साली प्रसिद्ध झाली, त्या सुमाराच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून प्रेम होते आणि विपुल होते; परंतु ते राजेरजवाड्यांच्या घरचे असल्यामुळे त्याला उद्याने, सौध आणि दासी यांची सरबराई आयतीच उपलब्ध होती. पंचाईत उभी राहिली ती हरिभाऊ आपट्यांच्या वेळेस. ‘करमणूक’ हे साप्ताहिक 1890 साली निघाले, त्यातून त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः लिहावयास घेतली आणि मराठी कादंबरी राजवाड्यातून उचलून मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आणून बसविली. तेथे पाहतात तो, प्रेम करण्याजोगे वय ज्यांचे व्हावयाचे होते, त्यांची लग्ने ते वय होण्याच्या कितीतरी आधी उरकून गेलेली! मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर न्यावी की नाही, एवढ्या प्रश्नावर 1891 साली पुण्यात जे रण माजले, ते ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या लेखकाला प्रथमदर्शनी जडलेल्या प्रेमाचे वर्णन करणे का अवघड होते हे कळून येईल. प्रथमदर्शनाच्या वेळी नायिका सागरगोटे खेळत असावयाची. हरिभाऊंसारख्या सत्यनिष्ठ लेखकाने प्रेमाच्या ऐवजी प्रेमाला जागाच कशी नाही याची कहाणी लिहिली, आणि ‘मी’ या कादंबरीत नायक भावानंदाला संसाराच्या वाटेवरून काढून लोकसेवेच्या वाटेला लावले. टीकाकारांना त्यात ध्येयवादाचा उदय दिसतो, आणि तो आहेच; परंतु त्या काळच्या समाजात एका संवेदनशील अविवाहित तरुणाला नेऊन ठेवावयाचे तरी कोठे, हा व्यवहाराचा प्रश्नही लेखकाने त्याच झटक्यात निकालात काढला असावा, असा मला दाट संशय आहे.

पुढे शारदा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. हा कायदा 1929 साली मंजूर होऊन पुढल्या वर्षीच्या एप्रिलपासून अमलात आला. आणि मुली कॉलेजात जाऊ लागल्याच होत्या, त्यामुळे कादंबरीकारांना प्रेमासाठी एकदम मुबलक जागा सापडली. फडक्यांचे नायक टेनिसच्या रॅकेटा घेऊन हिंडू लागले. कादंबरी रचावी कशी याचे शास्त्रही फडक्यांनीच ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात 1931 साली सांगून ठेवले. तो ग्रंथ तरुणांनी कादंबरी लिहिण्याच्या हेतूने वाचला की नायक होण्याच्या, याची कोठे नोंद नाही. तिकडे शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करीत बसलेल्या खांडेकरांचे नायक तितक्याच उत्कटतेने प्रेम करून तितक्याच उत्कटतेने त्याचा ध्येयापायी होम करीत. तेव्हा प्रेम जमवावे फडक्यांच्या कादंबरीत आणि मोडावे खांडेकरांच्या, अशी वाचकांनी आपली सोय लावून घेतली होती. या साऱ्या धामधुमीत शिकलेल्या, मिळवत्या आणि लग्नावाचून राहिलेल्या मुलीच्या मनात काय चालते, हे विभावरी शिरूरकर या नावाने कोणी एका लेखिकेने 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’मधून सांगितले मात्र, त्या मुलींचे म्हणणे काय हे बाजूला ठेवून, हे लिहिणारी बाई कोण याचा तपास अवघ्या महाराष्ट्राने हाती घेतला. मराठी वाचकाची खरी आवड कोणती ती येथे दिसते. त्याला गोष्ट पुढे कळली तरी चालते, सोयरीक आधी कळावी लागते.

ज्या सभेची हकीकत मी सांगणार आहे तिचे पाहुणे एक मध्यमवयीन, भिडस्त आणि अत्यंत सभ्य असे कादंबरीकार होते. त्यांच्या कादंबरीचे कथानक, व्यासपीठावर चढण्यापूर्वी चिटणिसांनी मला घाईघाईने सांगितले त्याप्रमाणे, येणेप्रमाणे होते: नायिका कॉलेजात शिकणारी; तिच्यावर एका कवीचे प्रेम; कवीने तिला चौदा कविता दिलेल्या; असे असता शेवटून तिसऱ्या प्रकरणात ती पब्लिक वर्क्स खात्यातील एका ओव्हरसियराशी विवाहबद्ध होते. एवढे सांगून चिटणीस म्हणाले, “गावात वातावरण तापलेले आहे. आपण सांभाळून घ्या.”

पहिला प्रश्न निवृत्त शिरस्तेदारांनी विचारला. जन्म मामलेदार कचेरीत गेल्यामुळे त्यांना प्रश्न विचारणे ठाऊक नव्हते. ते जबानी घेत. कवीच्या घराण्याची, स्थावराची आणि पत्रिकेची चौकशी मुलीच्या बापाने केली होती किंवा कसे, याचा खुलासा त्यांनी मागितला. कादंबरीकार नम्रपणे म्हणाले, पात्रांच्या पत्रिका मांडण्याची वाङ्मयात पद्धत नाही. त्यावर शिरस्तेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढविला आणि म्हटले, “मग ओव्हरसियराला तरी मुलगी दिलीत कशाच्या आधारावर?” या वेळी कादंबरीकारांच्या उजव्या पायातील वहाण सुटली, आणि सभा संपेपर्यंत तो पाय तिला शोधीत राहिला.

यानंतर कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. कादंबरी त्यांनी दोनदा वाचली होती, परंतु ओव्हरसियराला आई आहे किंवा नाही याचा तीत कोठेच उल्लेख नाही, अशी त्यांची तक्रार होती. “कथेच्या दृष्टीने ती बाब आवश्यक नव्हती,” असे लेखक म्हणाले. “तुम्हाला आवश्यक नसेल,” बाई म्हणाल्या, “जिला नांदायचंय तिला आहे ना?” स्त्रियांच्या बाजूने जी संमतीची कुजबूज उठली, तिच्यावरून सासूवाचून लिहिलेली कादंबरी हे अपूर्ण दस्तऐवज मानण्यात येते, असे माझ्या ध्यानात आले. बाईंची मागणी वाङ्मयाला अगदीच अपरिचित होती असेही म्हणवत नाही. जेन ऑस्टिन आपल्या घरच्या मंडळींना पुस्तकाबाहेरच्या अशा गोष्टी आवडीने सांगत असे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील बेनेट बहिणींपैकी किटी पुढे पेंबर्लीजवळच्या एका पाद्र्याला दिली आणि मेरीला मावशीच्या नवऱ्याच्या कचेरीतल्या कारकुनावर समाधान मानावे लागले, ही माहिती तिच्या भाच्याने 1870 साली लिहिलेल्या आठवणींत नमूद आहे. अशी लेखिका या वाचनालयात आली असती तर मुख्याध्यापिकाबाईंनी तिला रात्रीच्या जेवणाला ठेवून घेतले असते.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की, तरुण मंडळी कवीची बाजू घेतील, वृद्ध मंडळी ओव्हरसियराची घेतील, आणि अध्यक्षाने ‘दोन्ही बाजूंत तथ्यांश आहे’ असे म्हणून चहाकडे वळावे. परंतु पाठीमागच्या रांगेतून इंटरच्या वर्गातील एक मुलगी उठली आणि हातातल्या चिठोऱ्याकडे न पाहता बोलू लागली. “कवी इंटरला दोनदा नापास झालेला आहे. त्याच्याबद्दल मला राग नाही. पण चौदा कवितांत त्याने तिचे डोळे, तिचे केस आणि तिची वेणी यांच्यापलीकडे काही पाहिल्याचे दिसत नाही. तिला काय हवे, हे त्याने तिला एकदाही विचारलेले नाही. ओव्हरसियराने पहिल्याच भेटीत विचारले की, तुम्ही परीक्षा पुरी करणार आहात ना? मी असते तर पान दीडशेवरच ठरवून टाकले असते. तिने उगीच तीनशेपर्यंत ताणले.” आणि ती बसली. पाठीमागच्या मुलांपैकी काहीजण, ज्यांच्या खिशात कविता असाव्यात असा त्यांच्या केसांवरून तर्क करता आला असता, एकाएकी छताकडे पाहू लागले.

या बोलण्याने घायाळ झाले ते शिरस्तेदार. ते पुन्हा उठले, आणि मघाचा जबानी घेणारा आवाज त्यांच्यापाशी उरलेला नव्हता. ते म्हणाले की, आजकालच्या मुलींची ही हिशेबी वृत्ती पाहून आपणांस खेद होतो. त्या वयातले प्रेम हे परीक्षा आणि पगार यांच्या मापाने मोजावयाचे नसते. आपले स्वतःचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, त्या वेळी सौभाग्यवती नऊ वर्षांच्या होत्या आणि अंतरपाट दूर झाल्यावर त्या प्रथम रडल्या व मागाहून झोपल्या. त्यामुळे चांदणे, नदीकाठ वगैरे ज्या गोष्टी पुस्तकात असतात त्या आपल्या वाट्याला आलेल्या नाहीत. निदान कागदावर तरी त्या कोणाच्या तरी वाट्याला याव्यात, अशी एखाद्याची इच्छा असेल तर… एवढ्यात स्त्रियांच्या बाजूने एक बारीकसा खोकला ऐकू आला, आणि शिरस्तेदारांनी ‘अर्थात हे केवळ तत्त्व म्हणून’ असे म्हणून आपली कैफियत आवरती घेतली. कवीसाठी त्या सभेत ज्यांचे डोळे पाणावले ते सर्व पन्नाशीच्या पुढचे होते, ही गोष्ट मी नंतर पडताळून पाहिली.

आता कादंबरीकारांच्या उत्तराची पाळी आली, आणि सज्जन माणसे वादात का हरतात याचे प्रात्यक्षिक मला फार जवळून पाहावयास मिळाले. पात्रे एकदा निर्माण झाली की ती लेखकाच्या मुखत्यारीत राहत नाहीत, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पुश्किनची तात्याना त्याला न विचारताच लग्न करून मोकळी झाली असे तो मित्रांना सांगे, आणि टॉलस्टॉयसुद्धा आपल्या नायिकेविषयी कोणी जाब विचारला म्हणजे हीच आख्यायिका पुढे करी, असा दाखला त्यांनी दिला. “पोटच्या मुली ऐकत नाहीत हे समजतं,” मधल्या रांगेतील एक धान्याचे व्यापारी हळहळून म्हणाले, “पण शाईच्यासुद्धा ऐकत नाहीत म्हणजे कमाल झाली!” मग लेखकांनी लुइझा ऑल्कटचे उदाहरण काढले. ‘लिटल विमेन’चा पहिला भाग 1868 साली निघाल्यावर, पुढे या मुलींची लग्ने कोणाकोणाशी होणार अशी विचारणा करणाऱ्या पत्रांचा मुलींनी तिच्याकडे वर्षाव केला, त्यांच्या मनात कथेतील ‘जो’ हिचा विवाह शेजारच्या लॉरीशी व्हावा असे होते, आणि बाईंनी तर केवळ लोकांच्या मर्जीखातर तसे करणार नाही अशी रोजनिशीत प्रतिज्ञा लिहिली व पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात तिचे लग्न एका प्रौढ जर्मन प्रोफेसराशी ठरवून टाकले. हा दाखला लेखकाच्या स्वातंत्र्याचा म्हणून दिला होता. मला त्यात पत्रे पाठविणाऱ्यांवर उगवलेला सूड अधिक दिसतो. शिरस्तेदारांनी फक्त एवढेच ऐकले होते. “प्रोफेसर ना? मग पेन्शन असेल,” ते म्हणाले, आणि तो प्रोफेसर शिकवण्यांवर पोट भरणारा निष्कांचन गृहस्थ होता ही गोष्ट त्यांना सांगण्याचे धैर्य व्यासपीठावरील कोणासही झाले नाही.

येथे थांबते तर कादंबरीकार सुखरूप घरी जाते. परंतु विद्वत्तेचा ओघ एकदा सुरू झाला म्हणजे तो बांधाला जुमानीत नाही. ते पुढे म्हणाले की, सगळेच लेखक इतके कणखर नसतात. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या शेवटी पिप आणि एस्टेला यांची कायमची ताटातूट डिकन्सने लिहून ठेवली होती, परंतु बुल्वर-लिटन या स्नेह्याच्या आग्रहावरून, पुस्तक 1861 साली पुरे होता होता, त्याने तो शेवट रद्द करून दोघांच्या मीलनाला वाव ठेवणारा दुसरा लिहिला.

सभेत क्षणभर शांतता पसरली. मग चिटणीस सावकाश उठले. “म्हणजे बदलता येतो,” ते म्हणाले.

त्याबरोबर ग्रंथपालांनी कपाटातून वाचनालयाची प्रत काढून पुराव्यादाखल अध्यक्षांपुढे ठेवली. खाकी कागदाचे वेष्टन, त्यावर पांढऱ्या रंगात दाखल अंक, आतल्या तारखांच्या चिठ्ठीला खाली जोडलेली दुसरी चिठ्ठी आणि तिला जोडलेली तिसरी. कादंबरी न वाचल्याची भरपाई मी त्या पुस्तकाचे समास वाचून केली, आणि मला वाटते मूळ मजकूर वाचून मी इतका लाभलो नसतो. ओव्हरसियर प्रथम प्रवेश करतो त्या पानावर कोणी शिसपेन्सिलीने ‘हा कोण?’ असे लिहिले होते. खाली निळ्या शाईत ‘पुढे कळेल’. त्याखाली जांभळ्या शाईत, बायकी वळणात, ‘कळले. बरा आहे.’ कवितांच्या पानांवर ‘अप्रतिम!’ आणि ‘वृत्त चुकले’ हे दोन शेरे आळीपाळीने आले होते. पान 212 वर एका परोपकारी वाचकाने ‘पुढे जाऊ नका, ती त्याच्याशी लग्न करते’ असा इशारा दिला होता, आणि दुसऱ्याने त्याखाली ‘आभारी आहे’ लिहून, तारीख घालून सही केली होती. शेवटच्या पानावर मात्र प्रकरण गंभीर होते. छापील शेवटचे वाक्य पट्टी ठेवून खोडले होते, आणि त्याच्या जागी कचेरीतल्या घोटीव मोडीची सवय असलेल्या हाताने बालबोधीत लिहिले होते: ‘इतक्यात दारावर थाप पडली. कवी आला होता.’ त्याखाली, अगदी बारीक अक्षरात, तिसऱ्याच कोणी विचारले होते, ‘लेखक अविवाहित आहेत काय? कळवावे.’

कादंबरीकार माझ्या खांद्यावरून वाचीत होते. “ते दारावरचं वाक्य,” ते फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, “माझ्या वाक्यापेक्षा बरं आहे.”

तोवर ठरावाचा मसुदा तयार झाला होता. मजकूर कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीत मजकूर नायिकेचे लग्न मजकूर कवीशी लावण्यात यावे, व तत्पूर्वी कवीस नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कायम नोकरी देण्यात यावी, अशी ही सभा लेखकास सविनय विनंती करते, असा तो होता. धान्याच्या व्यापाऱ्यांनी उपसूचना मांडली की, ओव्हरसियराचा यात काही कसूर नसल्यामुळे त्याची बढतीवर परजिल्ह्यात बदली करावी. हायस्कुलातील संस्कृतच्या शास्त्रीबोवांना कवीची दिरंगाई खटकत होती. परंतु त्यावर पूर्वसूरींचा उपाय आहे, असे ते म्हणाले. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला पुरती ओळखून भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका मध्ये घालून त्या राजाची अब्रू वाचविली. तद्वत कवीला मधल्या दोन प्रकरणांत विषमज्वर आणावा, म्हणजे नापास होण्याचे व न विचारण्याचे कारण आपोआप मिळते. ही सूचना टाळ्यांच्या गजरात स्वीकारण्यात आली. इंटरच्या मुलीने मात्र, नोकरी द्यावयाचीच तर ती नायिकेला द्यावी आणि लग्नाचा विचार तिसऱ्या आवृत्तीवर सोपवावा, अशी विरुद्ध उपसूचना दिली. तिला अनुमोदन कोणी द्यावे याची वाट पाहत मी टेबलावरचे तांब्याभांडे उगीच पुढेमागे करीत असता, स्त्रियांच्या बाजूने मघाचाच तो बारीक खोकला पुन्हा आला आणि शिरस्तेदारांच्या सौभाग्यवतींनी हात वर केला.

मते घेण्यापूर्वी दुसरी आवृत्ती केव्हा निघणार, असा एक नुसता माहितीचा प्रश्न चिटणिसांनी लेखकांना केला. लेखकांनी संकोचाने सांगितले की, पहिली आवृत्ती हजार प्रतींची असून तिच्यापैकी निम्म्याहून अधिक प्रती प्रकाशकांच्या वखारीत आहेत; त्या खपल्या म्हणजे आपण सभेच्या इच्छेचा आनंदाने विचार करू, आणि उपस्थित मंडळींनी प्रत्येकी एक प्रत घेतल्यास सुरुवात आजच करता येईल; काही प्रती आपण बरोबर आणल्या आहेत.

शेवटची मोटार सुटण्यास अद्याप पाऊण तास अवकाश होता, तरी ती चुकेल असे सर्वांच्या एकदम लक्षात आले. गणसंख्येअभावी मला ठराव तहकूब ठेवावा लागला.